तीन नावांची ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. सत्तर वर्षांची. अंगावर एकशे बारा ठिगळं आहेत आणि मला त्यातल्या एकाचीही लाज वाटत नाही.

अमेरिकेतल्या आयोवात कोल्टर नावाचं गाव आहे. तिथं नदीकाठच्या बेसबॉलच्या मैदानावर मी राहते. पाऊस आला की खेळायच्या मातीवर मला पसरायचं आणि उघडीप झाली की गुंडाळायचं, एवढंच माझं काम. बोटींची शिडं शिवणाऱ्या एका कारागिरानं जाड कापडाचे पट्टे जोडून मला शिवलं. मला ओढायला वीस माणसं लागतात. मैदानावरचे नोकर कधीच वीस नव्हते, म्हणून कोल्टरची रीतच पडली. ढग आले की प्रेक्षक जिने उतरून खाली येत आणि माझी कडा धरत.

तेव्हा गावात शिंपल्यांपासून बटणं करायचा कारखाना होता. संघ कामगारांचाच होता आणि त्याचं नाव ‘बटणवाले’. माझ्या पाठीवर ते नाव पांढऱ्या रंगात लिहिलं, तेव्हा काय ऐट होती माझी! पुढं प्लास्टिकची बटणं आली आणि कारखान्याला टाळं लागलं. मग एका बड्या शहराच्या संघानं आम्हाला पंखाखाली घेतलं. नवे खेळाडू इथं घडवायचे आणि चांगले झाले की तिकडं न्यायचे. आमचं नाव झालं ‘छोटे गरुड’. ‘बटणवाले’वर निळा रंग फासला गेला. तीस वर्षांनी एक हौशी मालक आला. त्याला टोप्या खपवायच्या होत्या. त्यानं नाव ठेवलं ‘मिशाळ मासे’. मग माझ्या पाठीवर हिरवा मासा आला, तोही डोळे वटारलेला. दर नावागणिक मी जड होत गेले, पण मला कोणी विचारलं नाही.

मग एका फोनवर सगळं आटोपलं. बड्या शहरानं छोट्या संघांची यादी छाटली आणि त्यात आम्ही गेलो. मालक प्रेक्षकांना हसवायचा माशाचा पोशाखसुद्धा गाडीत भरून घेऊन गेला. मला तेवढं मागं टाकलं. मैदानाच्या जागी गोदाम बांधायचं ठरू लागलं, तेव्हा मैदानाची राखण करणारी व्हर्ना कुबिचेक उठली. अठ्ठावन्न वर्षांची, खमकी बाई. कॉलेजच्या पोरांची एक उन्हाळी स्पर्धा असते. त्या स्पर्धेच्या कचेरीत व्हर्ना सात वेळा जाऊन बसली. शेवटी कचेरीनं सांगितलं, “एक सामना खेळवून दाखवा. त्या दिवशी नऊपैकी पाच डाव पुरे झाले तर संघ तुमचा. नाही झाले तर स्पर्धेतली जागा दुसऱ्या गावाला.”

गाव मात्र नावावरून भांडत बसलं. लॉयड अमंडसन चौऱ्याऐंशी वर्षांचे, जन्माचे बटणवाले. त्यांची मुलगी जोलीन मैदानावर मक्याची कणसं विकते. तिची लेकरं माशाची टोपी घालून वाढली. दोन महिने बापलेकीत बोलणं बंद होतं. सामन्याच्या दिवशी लोक तीन रंगांच्या टोप्या घालून तीन बाजूंना बसले आणि एकमेकांकडं बघून नाकं मुरडू लागले. मला तर संताप आला होता.

चौथ्या डावात नदीवरून काळे ढग आले. व्हर्नाजवळ तीनच माणसं होती. ती ओरडली, “अहो, या की खाली! माती भिजली तर खेळ खलास!”

कोणी हललं नाही. प्रत्येक बाजू दुसरीची वाट बघत होती. पहिले थेंब माझ्या पाठीवर टपटपले आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. इतकी वर्षं या लोकांसाठी भिजले, आणि आज हे हाताची घडी घालून बसले आहेत!

तेवढ्यात कणसांची टोपली तिथंच टाकून जोलीन धावली. वरच्या बाकाकडं तोंड करून ती कडाडली, “बाबा! टोपी राहू द्या डोक्यावर, पण बूड हलवा!”

“मला शिकवतेस होय गं?” लॉयड काठी आपटत उठले. “तुझ्या जन्माआधीपासून ओढतोय मी ही! चला रे, बघता काय!”

मग तिन्ही बाजूंनी माणसं उतरली. वीस हवी होती, साठ आली. वारा माझ्या पोटाखाली शिरला आणि मी तंबूसारखी फुगले. एक जाडजूड गरुडवाला माझ्याखाली गडप झाला, त्याला दोन मासेवाल्यांनी पायाला धरून बाहेर ओढलं. माती कोरडी राहिली. तासाभरानं ऊन पडलं, मला गुंडाळलं, खेळ पुन्हा सुरू झाला. आमची पोरं नऊ विरुद्ध दोन अशी सपाटून हरत होती, पण पाचवा डाव पुरा झाला. बघा, झाला की नाही!

लगेच पुन्हा पाऊस धो धो कोसळला. पंचांनी सामना तिथंच संपवला. स्पर्धेच्या कचेरीतून आलेले प्रुएटसाहेब छत्रीखाली वही उघडून म्हणाले, “सामना ग्राह्य धरला. संघाचं नाव काय लिहू?”

तिन्ही बाजूंनी एकदम गिल्ला झाला. व्हर्नानं दोन्ही हात वर केले. “साहेब, कोल्टर लिहा. पुढची जागा मोकळी सोडा. आमचं भांडण अजून व्हायचंय.”

आणि बोलता बोलता माणसं परत माझ्याकडं आली. या वेळी कोणी हाक मारली नव्हती. भिजत, घसरत, एकमेकांना शिव्या देत ती मला ओढू लागली. लॉयड आणि जोलीन एकाच कोपऱ्याला होते.

साहेब चकित झाले. “अहो, सामना तर संपला. आता कशाला झाकताय?”

“उद्या खेळायचंय ना!” लॉयड म्हणाले. “छत्री मिटा आणि धरा इकडून.”

आणि साहेबांनी चांगल्या बुटांसकट चिखलात उतरून धरलं.

मित्रांनो, त्या मोकळ्या जागेला आता तीन उन्हाळे झाले. नाव ठरलेलं नाही आणि भांडण जोरात आहे. खुशाल भांडा. मला फक्त ओली गुंडाळू नका, ऊन दाखवा, फाटले तर शिवा. तुमच्या डोक्यावर कुठली टोपी आहे ते मी विचारणार नाही. पण ढग आले आणि तुम्ही बाकावर बसून राहिलात, तर मी तुम्हाला ओळखही देणार नाही.