एक्केचाळिसावे उत्तर

“साहेब, आपण चाळीस प्रकरणं कळवली आणि सरकारनं उत्तरं एक्केचाळीस दिलीत,” आवक-जावक कारकून म्हणाला.

मानवी हक्क आयोगाच्या कचेरीत त्याला सगळे ‘संशयात्मा’ म्हणत. लिफाफा चिकटवण्याआधी तो पाने तीनदा मोजी आणि चहात साखर कमी पडली तरी त्याला त्यात कुणाचा तरी हात दिसे. आयोगाचा वार्षिक अहवालही त्यानेच मोजून सरकारकडे पाठवला होता. त्यातले शेवटचे पान सचिवसाहेबांनी ऐनवेळी काढायला लावले होते. कोठडीत मेलेल्या एका नळदुरुस्तीवाल्याचे ते प्रकरण. “पुरावा कच्चा आहे,” एवढेच साहेब म्हणाले होते.

अहवालातल्या प्रत्येक प्रकरणाला सरकारला लेखी उत्तर द्यावेच लागे. गाळलेल्याचे कुणी विचारत नसे. त्या उत्तरासाठी नळवाल्याची बायको दर सोमवारी येऊन बाहेरच्या बाकावर बसे.

आणि आता सरकारी पत्राच्या शेवटी नेमके तेच प्रकरण होते: ‘चौकशी केली. तथ्य आढळले नाही.’

सचिवांनी पत्र दोनदा वाचले. त्यांचे कान लाल झाले.

“टायपिंगची चूक असेल. परत पाठवा.”

“चूक कशी, साहेब? न पाठवलेल्या पानाचं उत्तर आलंय. म्हणजे मसुदा आधीच तिकडे पोचला होता. त्यांनी उत्तरं लिहून ठेवली, मग हे पान नको म्हणाले, आणि उत्तर काढायचं विसरले.”

“तुमचा संशय तुमच्यापाशी ठेवा!”

“ठेवतो. पण पत्रावर आवक शिक्का पडलाय. शिक्क्याचं पत्र परत करायचं नाही, असं परिपत्रक तुम्हीच काढलंय.”

एवढे बोलून त्याने टेबलावरचे पत्र उचलले. जन्मभर त्याने शिपायावर, चहावाल्यावर संशय घेतला होता. मोठ्या खुर्चीवर घ्यायला निवृत्तीची वेळ यावी लागली, याची त्याला लाज वाटली.

पत्राची खरी नक्कल काढून त्याने ती बाकावरच्या बाईला दिली. “ताई, चांगलं काही नाही यात. तथ्य नाही म्हणतात. पण वकिलाला दाखवा. प्रकरण होतं, हे त्यांनीच लिहून दिलंय.”

बाईचे बोट ओळीवरून सरकत एका जागी थांबले.

“यांचं पूर्ण नाव लिहिलंय,” ती म्हणाली. “वडिलांच्या नावासकट. कोठडीच्या वहीत नुसतं ‘अनोळखी’ होतं.”

कागदाची घडी न घालता तो तसाच दोन्ही हातांत धरून ती जिना उतरली.