काय म्हणतेय?

लेकीने धावत जाऊन आधी टीव्हीची वायरच उपटली. घुमणाऱ्या भिंती गप्प झाल्या आणि पलीकडून शेजारीण मोठ्याने म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे!"

"बंद का केलास?" आईने विचारलं. शेजारणीचं तिला ऐकू गेलं नव्हतं. हल्ली तिला काहीच ऐकू येत नसे. डाव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तरच थोडंफार.

"आवाज शंभरावर होता, आई!" लेक त्या कानात ओरडली.

"असेल. मला कुठे एक अक्षर कळतंय? तुझे बाबा गेले आणि हाही बिघडला. माणसं बघितलीस कशी जांभळी झालीत?"

बिघडलं काहीच नव्हतं. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते आणि तेवढ्यात आईने, कशाने तरी ऐकू येईल म्हणून, रिमोटचं एकूण एक बटण दाबून पाहिलं होतं. रंग, उजेड, चित्राची रुंदी, सगळ्याचा बट्ट्याबोळ झाला होता. लेकीने वायर परत लावली, आवाज खाली आणला आणि सेटिंग उघडलं. आधी चित्र रीसेट केलं. जांभळी माणसं माणसात आली. मग आवाज रीसेट केला, तसं घुमणं गेलं. आईसाठी आपल्याला काहीतरी करता आलं, याचंच तिला बरं वाटलं. उद्या सकाळी तिची गाडी होती.

"माझ्या गुडघ्यांचं सांगायचं राहिलं," आई म्हणाली. "डावा बरा आहे. उजवा मात्र जिना चढू देत नाही. दर फोनला विचारायचीस, म्हणून सांगते."

लेकीचा अंगठा बटणावरच थांबला.

तिने कधीच विचारलं नव्हतं. तिच्या लग्नाला आई आली नव्हती, घरातच दार लावून बसली होती, आणि लेकीने तेव्हापासून जो अबोला धरला तो धरलाच. फोन करायची तो बाबांना. ठेवताना बाबा हळूच म्हणायचे, "आईला काही सांगू?" आणि ती म्हणायची, "काही नाही." पुढे आईचे कान गेल्याचं बाबांनीच सांगितलं. तरीही तिचं उत्तर बदललं नाही. आईशी ती बोलू लागली ती बाबा गेल्यावरच.

"बाबा सांगायचे तुला?" तिने कानात विचारलं.

"मग! मी विचारायची, काय म्हणतेय? की लगेच सांगायचे. गुडघ्यांना शेक दे म्हणतेय. उन्हाची बाहेर पडू नकोस म्हणतेय. या मालिकांचंही तसंच. शेजारी बसून एकेक वाक्य कानात ओतायचे. आता कोण बसणार?"

लेकीला वाटलं, सांगून टाकावं. पाय धरावेत आणि मोकळं व्हावं. पण बाबांनी इतकी वर्षं जे आईच्या ओंजळीत घातलं, ते काढून घ्यायला तिचा जीव धजेना. ती पुन्हा सेटिंगमध्ये शिरली आणि पडद्याखालची अक्षरं चालू केली. कोणी बसायला नको, आईची आईला गोष्ट कळावी, एवढंच तिच्या मनात होतं.

"आता वाचत जा," तिने कानात सांगितलं. "बोललेलं सगळं खाली लिहून येतं."

आईने चष्मा सारखा केला. जुनी मालिका पुन्हा लागली होती. दोन जावा दारात समोरासमोर उभ्या होत्या.

"हे पाहिलंय आम्ही," आई खुशीत म्हणाली. "थोरली आता म्हणते बघ, झालं गेलं विसरून जाऊ, घरात चल."

खाली अक्षरं आली. तू मेलीस तरी हे दार उघडणार नाही.

आईने ओठ हलवत ती वाचली. मग पुढची वाचली.

"अगं थापाड्या माणूस तो!" ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सगळं मनचं सांगायचे! आणि मी मेली या थोरलीला देवमाणूस समजत होते."

लेकही हसू लागली. हसता हसता तिने वळून पाहिलं. आई हसायची थांबली होती. पडद्यावर जावांचं भांडण चांगलंच रंगलं होतं, पण आई तिकडे बघत नव्हती.

"आणि तू?" आईने विचारलं. "तू काय म्हणायचीस गं?"

लेक उठून तिच्या डाव्या कानाशी वाकली.

"मी गुडघ्यांचंच विचारायचे," ती म्हणाली. "दर वेळी."

आईने तिला दंडाला धरून समोर घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि तिचा चेहरा पाहिला. लेकीला मान वर करता येईना.

"सांगताना तेही असंच खाली बघायचे," आई म्हणाली. "मला वाटायचं, तुझ्या आठवणीने बघतात."