अध्यक्षांना पेढे

जर्मनीतल्या कोलोनच्या विद्यापीठाने मला दोन दिवसांत प्रवेश दिला. ब्राउनश्वाइगचा माझा बॅडमिंटन क्लब मात्र सोडेना. इथे प्रत्येक खेळाडूने वर्षाला चार तास क्लबचं काम करायचं असतं. मी झाडूलाही हात लावला नव्हता. आज क्लब सोडण्याच्या फॉर्मवर अध्यक्षांची सही नाही, तर कोलोनच्या क्लबकडून वर्षभर खेळणं बंद.

"अगं निशिगंधा, साहेबांना पेढे दे," साताऱ्याहून बाबा फोनवर म्हणाले. "काम होतं."

लाज गुंडाळून ठेवली आणि अख्खी दुपार दूध आटवलं.

अध्यक्ष क्रूगरांनी तीन पेढे हाणले. "करायला किती वेळ लागला?"

"चार तास."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'स्वयंपाकघर, चार तास', आणि सही ठोकली.

"बघ, चालतं की नाही?" बाबा खूश.

"बाबा, तुमची लाच त्यांनी मजुरीत धरली!"