बोलणारी गादी

सूसामीरच्या पठारावर, बिश्केकहून ओशला जाणाऱ्या रस्त्यालगत जोमार्तचा चहाखाना आहे, आणि तिथे हरवलेल्या वस्तू सापडत. ही कीर्ती खोटी नव्हती. कुणाचा पासपोर्ट सापडला, एका सुनेचं कानातलं सापडलं, एका गृहस्थाची तर बंदूक सापडली, जी हरवल्याचं पोलिसांना सांगायची त्याची तयारी नव्हती. दारासमोरच्या मानाच्या जागेवर, गाद्यांच्या थप्पीवर, एसेनकुल अक्सकाल बसत. अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, आणि ह्यांची दाढी तर पोटापर्यंत होती. ते एक्केचाळीस दाणे पसरत आणि वस्तू कुठे गेली ते सांगत. एकच बारीकशी गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नसे: ही सगळी माणसं आपली वस्तू ह्याच चहाखान्यात हरवत.

त्या दुपारी दाण्यांभोवती तीन गाड्यांचे प्रवासी दाटीवाटीने उभे होते, आणि हरवलेली वस्तू नुरिझाची होती. नुरिझा बिश्केकच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या निळ्या बॅगेत लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपमध्ये आजोळच्या गावाच्या वर, डोंगरात बर्फ वितळून साचलेल्या तळ्याची तीन उन्हाळ्यांची मोजमापं. तळं दरवर्षी फुगत होतं आणि गावाची नवी शाळा नेमकी, ते फुटलं तर पाणी येईल त्या वाटेत बांधायला निघाले होते. उद्या सकाळी जिल्ह्याच्या बैठकीत आकडे दाखवले नाहीत, तर पाया खणायला सुरुवात होणार होती. आकड्यांची दुसरी प्रत नुरिझाने फार जपून ठेवली होती. त्याच बॅगेत.

"बॅग घाट ओलांडून गेली," अक्सकाल दाण्यांकडे बघत म्हणाले.

"कुठला घाट?" नुरिझाने विचारलं.

"वरचा."

"आम्ही वरूनच आलो, अक्सकाल. चहाला बसलो तेव्हा बॅग डिकीत होती, तुमचा आशीर्वाद घेऊन उठलो तेव्हा नव्हती."

"मग खालचा." अक्सकालांनी एक दाणा इकडचा तिकडे केला. "तिरळ्या माणसाच्या हातात आहे."

नुरिझा ज्याच्या टॅक्सीतून आली होती त्या मेलिसकडे सगळ्यांनी पाहिलं. त्याचा डावा डोळा थोडा कलता होता.

"मी जन्मापासून असाच बघतो," मेलिस म्हणाला. "आणि मी इथेच जेवत होतो. पण अक्सकाल, एक सांगू का? माझ्या गाडीच्या टपावर काळं वर्तुळ उमटलंय. पांढऱ्या गाडीवर. सकाळी नव्हतं."

गर्दीतून 'अरे देवा' असा सूर निघाला.

"दृष्टीचा शिक्का," अक्सकाल म्हणाले. "बळी मागतोय. पांढऱ्या डोक्याचा मेंढा द्या, रात्र इथे काढा, सकाळी बॅग ओढ्याकाठी मिळेल."

पांढऱ्या डोक्याचा मेंढा सुदैवाने चहाखान्याच्या मागेच बांधलेला होता. जोमार्त तो विकायलाही तयार होता. जोमार्त हा अक्सकालांचा जावई.

"सकाळी मला बैठकीत असायला हवं," नुरिझा म्हणाली. तिचा आता सगळ्यांवरच संशय होता. मेलिसवर होता. शेजारच्या सीटवरच्या सोनून आपांवरही होता, कारण म्हातारीच्या झग्याखाली काहीतरी चौकोनी होतं. तिने आडून आडून विचारल्यावर आपांनी ते काढून दाखवलं. वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचा डबा होता. नुरिझाला दोन गोळ्या खाव्या लागल्या.

त्या गोळ्या चघळताना तिला बटण आठवलं. धाकट्या भावाने वाढदिवसाला दिलेलं, नाण्याएवढं. बॅगेच्या अस्तरात टाकायचं, आणि बॅग हरवली की मोबाइलवर ती किती जवळ आहे ते दिसतं. "मी काय मेंढी आहे का, गळ्यात घंटा बांधायला?" असं म्हणत तिने ते टाकलं होतं आणि विसरून गेली होती.

ती मोबाइल घेऊन बाहेर टॅक्सीपाशी गेली. क्षीण खूण. दारात आली. खूण वाढली. घाटाकडे तोंड केलं, काही फरक नाही. आत अक्सकालांकडे चार पावलं टाकली आणि खूण भरगच्च झाली.

तिने 'आवाज' दाबलं.

अक्सकालांच्या बुडाखालून टिंव टिंव असा आवाज आला.

अक्सकालांनी खाली पाहिलं, वर पाहिलं. माणूस मुरलेला होता. "ऐकलंत?" ते हळूच म्हणाले. "पूर्वज बोलतायत."

मेलिसने टोपी काढली. सोनून आपांच्या डोळ्यांना धारा लागल्या. एका बाईने मागच्या मागे मेंढ्याची चौकशी केली.

"अक्सकाल, जरा उठता का?" नुरिझा म्हणाली.

हे मात्र फार झालं. "शहरात हेच शिकवतात वाटतं," जोमार्त म्हणाला. "पांढऱ्या दाढीला मानाच्या जागेवरून उठवायचं?" सगळ्यांनी नुरिझाकडे असं पाहिलं, की जणू बॅग तिनेच चोरली होती.

तिने मोबाइल सोनून आपांच्या हातात दिला. "आपा, इथे बोट ठेवा."

आपांनी ठेवलं. पूर्वज बोलले. आपांनी दचकून बोट काढलं.

"आता पुन्हा दाबा. थांबतील."

थांबले.

"अगं बाई, माझ्यात कधी आली ही शक्ती?"

"तुमच्यात नाही आली. माझ्या बॅगेत एक बटण आहे, ते वाजतंय. मेलिसदादा, तुम्ही दाबा."

मेलिसने दाबलं, पूर्वज त्यालाही ओ देऊ लागले. मग रांगच लागली. मागच्या गाडीतला एक जण फार आशेने पुढे आला. "माझी लाल गाय हरवलीय. ह्यात सापडेल का?"

"गाईला बटण लावलंय का?"

"नाही."

"मग नाही सापडणार."

"अक्सकाल तर म्हणाले होते सापडेल."

"सापडली का?"

तो विचारात पडला. तीन वर्षं झाली होती, आणि हा विचार त्याच्या डोक्यात आज पहिल्यांदाच येत होता.

तरी अक्सकालांना ऊठ कोण म्हणणार? सोनून आपांनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"काय हो, तुमचा जन्म कुठल्या वर्षातला?"

"मेंढीच्या," अक्सकाल म्हणाले. आमच्याकडे बारा जनावरांची बारा वर्षं असतात. त्यांनी अख्खा फेरा, म्हणजे बारा वर्षं, वाढवून सांगितला असता तर निभावलं असतं, पण ते गाफीलपणे खरं बोलून गेले. बहुधा त्या दिवसातलं पहिलं.

"म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बरोबरीचा. मी सापाच्या वर्षातली." आपा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दोन वर्षांनी धाकटा आहेस. मोठी बहीण उभी, आणि तू मानाच्या जागेवर? ऊठ रे."

अक्सकाल उठले. मेलिसने वरची गादी उचलली, दुसरी उचलली. निळी बॅग तिथे टिंव टिंव करत होती.

"बघा," अक्सकाल म्हणाले, "दाण्यांनी आणून दिली." आणि खरं सांगायचं तर दोघातिघांच्या माना हलायलाही लागल्या होत्या.

"थांबा," नुरिझा म्हणाली. "जेवण झाल्यावर अक्सकालांनी आशीर्वाद दिला. आपल्याला, घोड्यांना, झऱ्यांना, रस्तेबांधणी खात्यालासुद्धा. एवढा लांब आशीर्वाद कुणी ऐकलाय कधी? आपण तळवे पुढे करून, मान खाली घालून बसलो होतो. आशीर्वाद संपेपर्यंत आपल्यात कुणी उठत नाही. उभं राहायची मुभा एकालाच असते. कुणाला?"

"चहा ओतणाऱ्याला," मेलिस म्हणाला.

"आशीर्वाद चालू असताना कुणाच्या वाटीत चहा पडला?"

कुणाच्याच नाही. मेलिसने जोमार्तच्या हातातली किटली काढून घेतली. चुलीवरची, बुडाला काजळी धरलेली. तो बाहेर गेला, आणि गाडीच्या टपावरच्या काळ्या वर्तुळावर त्याने ती ठेवली. झाकणासारखी बसली. डिकी उघडून बॅग काढायची तर दोन्ही हात मोकळे हवेत ना.

"दृष्टीचा शिक्का," मेलिस आत येत म्हणाला. "आता हा काजळीचा रंग पुसायला तुझा मेंढा लागेल की फडकं?"

जोमार्तने फडकं दिलं. कानातल्यावाल्या सुनेला आणि बाकीच्यांना निरोप द्यायचं काम मागच्या गाडीने अंगावर घेतलं, पोलिसांना सांगायचं मेलिसने. बंदूकवाल्याला कळवायचं कुणीच कबूल केलं नाही.

निघण्यापूर्वी वयाने मोठ्या म्हणून सोनून आपांनी आशीर्वाद दिला. सगळ्यांनी तळवे पुढे केले. बॅगा मांडीवर होत्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीत नुरिझाने लॅपटॉप उघडला, तेव्हा जिल्ह्याचा एक अधिकारी हसून म्हणाला, "एवढं कशाला, बाई? तळं फुटणार नाही असं एका जाणत्याने दाणे टाकून सांगितलंय."

"तळ्यावर गेले होते का ते?"

"छे. त्यांची मानाची जागा शाळा बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या घरी असते."

नुरिझाने पहिल्या उन्हाळ्याचा आकडा दाखवला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, आणि पाण्याची वाट कुठून येते ते. पाया त्या वाटेबाहेर, वरच्या उतारावर खणायचं ठरलं.

हात पुढे करावेत, मान झुकवावी, वडीलधाऱ्यांना मानाची जागा द्यावी. त्यात कुणाचं काही जात नाही. पण हरवलेली वस्तू कुणी शोधली म्हणून पाया पडण्याआधी, ती कुणी हलवली ते विचारावं, आणि शोधणाऱ्याची गादी एकदा उचलून बघावी.