हरकत कशाला?

एकोणीसशे सत्तर साल सरत आलं होतं. तैचुंगच्या विमानतळावर अमेरिकन विमानं दिवसरात्र चढत-उतरत, आणि वस्तीतली तान्ही मुलंसुद्धा त्या आवाजात कूस बदलत नसत. वस्ती होती चीनमधलं युद्ध हरून, समुद्र ओलांडून या बेटावर आलेल्या शिपायांच्या कुटुंबांची. बांबूच्या कुडांवर माती लिंपलेल्या घरांच्या रांगा, मधून अरुंद गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी लुआन गुइझीची चूल. पहाटे तिच्या बांबूच्या करंड्यांतून वाफ उठली की वस्ती जागी व्हायची. वाफेवरचे तिचे पाव तिच्या मूळ मुलखाच्या, शानतुंगच्या पद्धतीचे, घट्ट आणि जड. "वहिनींचा पाव फेकून मारला तर विमान पडेल," असं शेन शिंपी म्हणायचा आणि रोज न चुकता घेऊन जायचा.

नवरा जाऊन गुइझीला बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी याली नर्सिंगच्या शाळेत होती, दीड वर्ष शिक्षण उरलं होतं. त्या शरदात एका रविवारी याली एका उंच, लाल मानेच्या अमेरिकन पोराला घरी घेऊन आली.

"आई, हा वेंडल. विमानांची इंजिनं दुरुस्त करतो."

वेंडलने कमरेत वाकून नमस्कार केला आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं. गुइझीने पाव आणि कच्चा लसूण पुढे ठेवला. हा काही खाणार नाही असं तिला वाटलं होतं. त्याने लसूण कराकरा चावला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा हात पुढे केला. एप्रिलमध्ये त्याची इथली नोकरी संपणार होती. जाताना यालीला लग्न करून सोबत न्यायची, असं त्याच्या मनात होतं.

"शाळेचं काय?" गुइझीने विचारलं.

"तिकडेही शाळा आहेत, आई."

"त्याला विचार, माझी मुलगी म्हणजे काय मंडईतली कोबी आहे? आवडली, उचलली, पिशवीत टाकली?"

याली वळून इंग्रजीत काहीतरी बोलली. वेंडल खूश होऊन हसला आणि त्याने आणखी एक पाव उचलला.

"काय सांगितलंस?"

"तेच."

"तेच ऐकून कुणी हसतं होय गं? वर पावही खातं?"

"अमेरिकन माणसं वेगळी असतात, आई."

 त्याच आठवड्यात, उद्याचं पीठ भिजवून झाल्यावर, गुइझीने हात धुतले, केस चापून बसवले आणि ती घड्याळवाल्याच्या माडीवर तोंग बाईंच्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसली.

तोंग बाई पेइचिंगच्या. हाडकुळ्या, बारा महिने कापूस भरलेला अंगरखा घालणाऱ्या, बाहीला कायम खडू.

"काय शिकायचंय तुम्हाला?"

"नाही म्हणायला."

"एवढंच?"

"बाकी इंग्रजीत मला कुणाशी काही बोलायचं नाहीये, बाई."

वर्ग हसला. तोंग बाई हसल्या नाहीत. फळ्याकडे वळत म्हणाल्या, "बरं झालं. तसं सगळ्यांनाच ते यायला हवं. आपलं एका 'मान्य नाही'मध्ये भागतं. त्यांच्याकडे प्रत्येक कामाला वेगळं भांडं आहे. तुमचं मत एक, माझं दुसरं, तर 'डिसॲग्री.' तुम्ही देताय ते मी घेत नाही, मागताय ते देत नाही, तर 'रिफ्यूज.' आणि तुम्ही जे चालवलंय ते थांबवा, असं म्हणायचं असेल तर 'ऑब्जेक्ट.'"

शेन शिंपी मागून म्हणाला, "बाई, मी तर सरळ म्हणालो, आय हॅव ॲन ओपिनियन. एक साहेब विजार आखूड करायला सांगत होता. कापड वाया जाणार. आपल्याकडे 'मला मत आहे' म्हटलं की समोरच्याला कळतं, हा आता भांडणार. हा म्हणाला, वंडरफुल! आणि खुर्ची ओढून ऐकायला बसला."

"मग?"

"मग काय, चहा पाजला त्याला. आणि विजार आखूड केली."

गुइझीचं घोडं 'आय ॲम अफ्रेड'पाशी अडलं. नकार द्यायच्या आधी हे शब्द लावले की नकार मऊ होतो, असं बाईंनी सांगितलं.

"मी नाही घाबरत त्याला."

"अहो, आपणही म्हणतोच ना, 'भीती वाटते, आज पाऊस येणार'? म्हणून काय पावसाला घाबरतो?"

"पावसाला नाही घाबरत," गुइझी म्हणाली, "पण पीठ झाकून ठेवते." आणि तिने ते शब्द वहीत उतरवले.

हिवाळा लागला. पीठ मळताना ती पुटपुटायची आणि दर शब्दाला कणकेवर एक गुद्दा घालायची. एकच वर्ग तिचा चुकला. वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता तो. त्या दिवशी उत्तरेकडची माणसं च्याओत्झ खाल्ल्याशिवाय राहत नाहीत, आणि कोबी-मांस भरून पाऱ्या मिटता मिटता गुइझीची बोटं वळली. वर्गात त्या संध्याकाळी काय झालं ते तिने शेन शिंप्याला विचारलं. "काही नाही हो वहिनी," तो म्हणाला, "हो आणि नाही. लहान मुलांचा धडा."

चिनी नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी वेंडल आला. अंगावर इस्त्रीचा कोट, हातात संत्र्यांची टोपली. गुइझीने यालीला दटावलं, "आज तू एक अक्षर बोलायचं नाहीस. मी बोलणार." याली भिंतीला टेकून उभी राहिली.

गुइझी ताठ बसली. "आय ॲम अफ्रेड," तिने सुरुवात केली.

वेंडलचा चेहरा एकदम कळवळला. तो खुर्चीवरून उठून तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि भराभर बोलू लागला. घाबरू नका, मी तिला जपेन, असंच काहीसं असावं. गुइझीचं पाठ केलेलं पुढचं वाक्य त्या लोंढ्यात वाहून गेलं. ती ते शोधत असतानाच त्याने विचारलं, "यू डोंट ऑब्जेक्ट, डू यू?"

त्यातला एक शब्द तिने पक्का ओळखला. ऑब्जेक्ट! हा म्हणतोय, माझी हरकत नाही! साफ चूक. आणि आपल्या भाषेत समोरच्याचं म्हणणं चुकीचं असलं की माणूस आधी 'चूक' म्हणतो. तिने टेबलावर हात आपटला.

"नो!"

वेंडलचे डोळे चमकले. "नो? रिअली?"

"नो! नो!"

ती जितक्या जोरात ओरडली तितका तो फुलला. त्याने तिचे दोन्ही हात धरून हलवले, यालीला उचलून गिरकी घेतली आणि दार उघडून गल्लीभर काहीतरी ओरडला. शेजारच्या पोरांना नव्या वर्षात निमित्तच हवं होतं. त्यांनी फटाक्यांची माळ लावली. त्या धुरात गुइझी उभी होती. आपण एवढं स्पष्ट नाही म्हटलं, तर हा नाचतोय का, हे तिला कळेना. यालीला कळलं होतं. ती खाली बघत होती.

वर्ग सुरू झाल्यावर तोंग बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खडू खाली ठेवला.

"लुआन वहिनी, तुम्ही परवानगी दिलीत."

"मी? तीनदा नाही म्हटलं मी!"

"तेच तर. आपण माणसाच्या बोलण्याला उत्तर देतो. तो बरोबर बोलला तर हो, चूक बोलला तर नाही. ते लोक बोलणाऱ्याकडे बघतच नाहीत, गोष्टीकडे बघतात. हरकत असेल तर येस, नसेल तर नो. विचारणाऱ्याने कसंही फिरवून विचारू दे."

शेन शिंप्याने मान खाली घातली. "लहान मुलांचा धडा" म्हणणारा तोच.

घरी येऊन गुइझीने यालीला समोर बसवलं. "तुला समजलं होतं?"

"हो."

"आणि गप्प राहिलीस?"

"तूच म्हणालीस, एक अक्षर बोलायचं नाही." मग यालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, दोन क्षण वाटलं, तू खरंच हो म्हणालीस."

"उद्याच जाऊन सांगते त्याला. आय ऑब्जेक्ट."

दुसऱ्या दिवशी ती आधी तोंग बाईंकडे गेली, वाक्य पक्कं करून घ्यायला.

"अर्धंच आहे," बाई म्हणाल्या. "याच्यामागे 'टु' लागतं. ऑब्जेक्ट टु. कशाला? त्या मुलाला?"

गुइझी थांबली. लसूण खाऊन डोळे पुसणारा वेंडल तिला आठवला. "मुलगा वाईट नाही."

"लग्नाला?"

"कधीतरी व्हायचंच ते."

"अमेरिकेला?"

"लांब आहे. पण शानतुंग कुठे जवळ आहे?"

"मग 'कशाला' ते ठरवून या. त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही."

त्या आठवड्यात करंड्यांवर करंड्या चढल्या आणि उतरल्या. गुइझी मळत होती आणि शोधत होती. सापडलं ते एका पहाटे, पिठात मनगटापर्यंत हात असताना. शानतुंगमधलं छिंगताओचं बंदर, थंडी, बोटीचा भोंगा. ती एकोणीस वर्षांची, शिक्षिकांच्या शाळेतलं शेवटचं वर्ष अर्धवट टाकलेलं, आणि नवरा म्हणतोय, चल चल, तीन महिन्यांत परत येऊ. आईला नीट सांगायलाही वेळ मिळाला नव्हता. आई अंगणात मुळे वाळत घालत होती. गुइझीने फाटकातूनच ओरडून सांगितलं, येते हं. त्यानंतर परतीची वाट बंद झाली, आणि बावीस वर्षं ती कणीक मळत होती.

तिने हात धुतले नाहीत. तशीच आत गेली आणि यालीला उठवलं. "घाई या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"हरी," याली अर्धवट झोपेत म्हणाली.

पुढच्या रविवारी वेंडल लग्नाची तारीख ठरवायला आला. आज याली आईच्या शेजारी बसली होती.

"आज सगळं सांग त्याला. जसंच्या तसं. कोबीसुद्धा," गुइझी म्हणाली. "पण माझं वाक्य मी बोलणार." ती वेंडलकडे वळली. "आय डू नॉट ऑब्जेक्ट टु यू. आय ऑब्जेक्ट टु द हरी."

मग आपल्या भाषेत ती सावकाश बोलत गेली: बंदर, फाटक, अर्धवट शाळा. यालीने एकही शब्द गाळला नाही. मग गुइझीने अट सांगितली. माझी मुलगी शाळा पुरी करेल, परीक्षा देईल, आणि मग जाईल. हातात स्वतःचं काम घेऊन. परत यावंसं वाटलं तर स्वतःच्या कमाईचं तिकीट काढून येईल. तोवर तू तिकडे जा आणि परत ये.

वेंडलचा चेहरा उतरला. त्याने टोपी हातात फिरवली. मग हळूच विचारलं, "यू डोंट ट्रस्ट मी?"

गुइझीला तोंग बाईंचा धडा आठवला. यालीने श्वास रोखला. बोलणाऱ्याकडे बघायचं नाही, गोष्टीकडे बघायचं. विश्वास आहे की नाही? गुइझीने मनाशी वाक्य उलटं-सुलटं करून पाहिलं, कणकेसारखं.

"येस," ती म्हणाली. "आय ट्रस्ट. यू कम बॅक."

एप्रिलमध्ये वेंडल एकटा गेला. पुढल्या वर्षी यालीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात तो साध्या कपड्यांत, प्रवासी विमानाने परत आला आणि त्याच चौकटीवर डोकं आपटून आत शिरला. लग्नाचा सूट शेन शिंप्याने शिवला. विजार आखूड कर असं कुणी सांगितलंच नव्हतं, तरी अंगठाभर लांब ठेवली. अमेरिकन विमानं गेल्यावर शेनने दुकान ताइपेला हलवलं आणि म्हातारपणी तो नातवंडांना ओपिनियनची गोष्ट सांगत बसायचा. तोंग बाई शेवटच्या हिवाळ्यापर्यंत त्या माडीवर शिकवत राहिल्या. त्या गेल्यावर खोली रिकामी केली तेव्हा फळ्यावर हो आणि नाहीचाच धडा लिहिलेला होता.

याली नेब्रास्कातल्या एका दवाखान्यात नर्स झाली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. दर दोन-तीन वर्षांनी ती आईकडे यायची, स्वतःच्या तिकिटाने. गुइझी तिकडे एकदाच गेली. त्यांचा पाव तिला हवा चावल्यासारखा लागला.

आणि शानतुंगला जायची वाट पुन्हा उघडली तेव्हा ती गेली. फाटक नव्हतं, आई नव्हती, मुळे वाळवायचं अंगणही नव्हतं. होता धाकटा भाऊ, आता पांढऱ्या केसांचा. त्याने तिला खाली बसवून गरम पाणी दिलं आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं, "ताई, तुला परत यायचंच नव्हतं ना?"

या वेळी भाषा तिची स्वतःची होती. थांबून उलटं-सुलटं करून पाहायची गरज नव्हती.

"चूक," गुइझी म्हणाली.