शेवटचे चार आकडे

ठिणगी दारातूनच ओरडत आत शिरली. चपला एकीकडे, बॅग दुसरीकडे आणि तोंडाचा पट्टा आधीच सुरू.

"आवाज बंद करून घेतलास? अरे दादा, ती काय दारावरची बेल होती का, कटकट होते म्हणून काढून टाकायला?"

ऑफिसात तिला मॅडम म्हणत, पण घरात ती लहानपणापासून ठिणगीच. राग नाकावर नव्हे, थेट जिभेच्या टोकावर. आणि आजचा राग खोटा होता असं मी तरी म्हणणार नाही. तुमच्या-माझ्या घरात असं झालं असतं तर आपणही भांडी आपटली असती.

झालं होतं ते असं. आईच्या खोलीत खिडकीशी एक मोठा डेस्कटॉप होता. त्याच्या पोटात ठिणगीने स्वतः, जमिनीवर मांडी ठोकून, दोन डिस्क बसवल्या होत्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि एकमेकींशी जोडलेल्या. एकीवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटणार, म्हणजे एक गेली तरी दुसरी उभी. एखादी गळली तर मशीन बीप-बीप करून घर डोक्यावर घेणार, म्हणजे माणसाने वेळेत नवी डिस्क बसवावी. चार महिन्यांपूर्वी वरच्या डिस्कची वायर सैल झाली. फक्त वायर! ती डिस्क जोडीतून सुटली, आणि एकदा सुटलेली डिस्क आपणहून परत जोडीत येत नाही. मशीनने इमानेइतबारे बोंब ठोकली. मग दादाने काय करावं? दुकानातला माणूस बोलावला. त्या गृहस्थाने वायर घट्ट केली, बीप बंद केली, चहा प्यायला आणि "आता काही त्रास नाही" म्हणून निघून गेला. त्या दिवसापासून सगळा भार एकट्या खालच्या डिस्कवर. परवा तीही टकटक करत बसली आणि गेली.

"मला वाटलं ठीक झालं," दादा म्हणाला. दादा ठिणगीपेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण तिच्यापुढे त्याचा आवाज कायम खालच्या पट्टीत.

"तुला वाटलं! तुझ्या वाटण्यावर आईचा आवाज ठेवला होता का मी?"

आई पलंगावर बसून दोघांकडे बघत होती. गळ्याला मऊ रुमाल, मांडीवर छोटी पांढरी पाटी, बोटात मार्कर, उशाशी स्टीलचा चमचा. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. मागच्या बाकावरच्या पोराला नुसत्या हाकेने ताठ बसवणारा तिचा आवाज. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणून सांगितलं, आणि ऑपरेशनला वीस दिवस उरले. ते वीस दिवस ठिणगीने रजा काढली. खिडकीला रजया लावल्या, माइक मांडला आणि आईला बोलायला बसवलं. यादीतली हजारो वाक्यं, मग पाढे, मग घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मारलेल्या हाका, मग गोष्टी, मग रागावणंसुद्धा. "अगं, रागाव ना खरंखुरं," ठिणगी म्हणायची, आणि आई हसायची. तेही रेकॉर्ड झालं. चौतीस तास. त्यातून पुढे एक यंत्र तयार व्हायचं होतं. आईने लिहायचं, यंत्राने आईच्याच आवाजात बोलायचं.

पुढे म्हणजे कधी? आधी जखम भरू दे, मग प्रकृती सुधारू दे, मग ठिणगीच्या ऑफिसातलं काम संपू दे. असं करता करता दोन वर्षं गेली. आता कुठे ते आवाज तयार करणारे लोक म्हणाले, मंगळवारी सगळं पाठवा. आज शनिवार. आणि हे!

एक गोष्ट राहिलीच. ठिणगीची नोकरी काय, तर जुन्या ध्वनिफिती संगणकावर उतरवून सांभाळणं. परक्यांचे आवाज सांभाळायला ती तीन प्रती काढायची, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आणि आईच्या आवाजाला? दोन डिस्क आहेत ना एकीला एक, झालं तर! जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवणारी ही बाई. हे तिला आठवत होतं, म्हणून तर दादावर एवढा तोंडसुख घेण्याचा कार्यक्रम चालला होता.

"नशीब समज," मशीनचं झाकण काढून पलंगावर उपडं टाकत ती म्हणाली, "वरची डिस्क चांगली आहे. नुसती वायर सुटली होती. चार महिन्यांपूर्वीचं सगळं तिच्यावर असणार, आणि आईचं रेकॉर्डिंग तर दोन वर्षांपूर्वीचं. नवी डिस्क आणलीस का? त्याच कंपनीची, त्याच मापाची?"

"आणली. अगं, मी सकाळीच ती..."

"बसवलीस? बरं. एक तरी काम केलंस."

"हो, पण खालच्या जागेत नवी नीट बसत नव्हती, म्हणून मी..."

"दादा, तू आता बोलूच नकोस. एक अक्षर नको. तुझं ऐकून चार महिने गेलेत माझे."

दादा गप्प बसला. आयुष्यभर बसत आला होता, आजच कशाला वेगळं करेल?

ठिणगी खुर्ची ओढून बसली. पडद्यावर प्रोग्रॅमने दोन डिस्क दाखवल्या. पहिली, दुसरी. प्रत्येकीच्या खाली बारीक अक्षरांत लांबलचक नंबर. जोडी पुन्हा जुळवायला प्रोग्रॅम विचारत होता, मूळ कोणती? तिच्यावरचं सगळं दुसरीवर उतरणार होतं.

आता ऑफिसातला नियम ऐका. मूळ डिस्क निवडायची वेळ आली की एकट्याने हात लावायचा नाही. एकाने नंबराचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने कागदावर ताडून "बरोबर" म्हणायचं. त्याशिवाय बटण दाबायचं नाही. हा नियम ठिणगीनेच घातलेला. एका शिकाऊ मुलीने तो एकदा मोडला तेव्हा ठिणगीने तिला सगळ्यांसमोर रडवलं होतं.

टण्. आईने पलंगाच्या लोखंडी कडेवर चमचा वाजवला. घरातली खूण सगळ्यांना पाठ होती. एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो किंवा बरोबर, तीनदा म्हणजे इकडे बघा.

टण् टण् टण्.

"आई, एक मिनिट. चार महिने!" ठिणगी पडद्याकडे बघतच म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी मशीन ओरडलं आणि तुम्हाला कोणाला एक फोन करता आला नाही? मी काय मेले होते?"

टण् टण् टण्. आई पाटीवर लिहीतही होती. आईचं लिहिणं म्हणजे सावकाश काम. मोबाइलवर अक्षरं चुकतात म्हणून ती पाटीच वापरायची, आणि पाटीवरही अर्धवट शब्द लिहिणं तिला पटायचं नाही. पूर्ण वाक्य, शेवटी टिंब. तोवर माणसाने थांबायचं. थांबतंय कोण?

"आई! जरा थांब ना! दिसतंय ना मी काय करतेय ते?"

तिने 'पहिली' निवडली. वरची ती पहिली, हे तिच्या हातात भिनलेलं. प्रोग्रॅमने पुन्हा विचारलं, दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? तिने 'हो' दाबलं आणि खुर्ची फिरवून दादाकडे वळली.

"आता बोल. त्या दुकानदाराला काय सांगितलंस? मला शब्दन्‌शब्द ऐकायचाय."

आणि मग तिने दादाला झोडलं म्हणजे काय झोडलं! बीपवरून सुरू झालेलं प्रकरण त्याच्या विसराळूपणावर गेलं, तिथून आईच्या औषधांवर, तिथून दहा वर्षांपूर्वी हरवलेल्या चाव्यांवर. चमचा वाजत होता. वाजतच होता. शेवटी तो थांबला, कारण आईने तो फेकला. चमचा ठिणगीच्या खांद्याला लागून खाली पडला.

"आई!"

आई उभी होती. दोन्ही हातांनी पाटी समोर धरलेली. पाटीवर लिहिलं होतं, "दादाने सकाळी जुनी डिस्क खालच्या जागेत हलवली. नवी डिस्क वर आहे."

ठिणगीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिने भिंतीतून वायर ओढली, इतक्या जोरात की प्लगबरोबर बोर्डही हातात आला. मशीनचा पंखा गरगरत थांबला.

अकरा मिनिटं. कोरी डिस्क मूळ धरून अकरा मिनिटं तो प्रोग्रॅम आईच्या डिस्कवर कोरेपणा उतरवत होता. अगदी सुरुवातीपासून. आणि सुरुवातीला काय होतं? दोन वर्षांपूर्वी डिस्क बसवल्या बसवल्या तिने सगळ्यात आधी काय भरलं होतं? आईचं रेकॉर्डिंग. ती जमिनीवरच बसली.

"तू सांगायचं नाहीस?" ती दादावर किंचाळली. "तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

आणि दादा, जो कधी आवाज चढवत नसे, तो उभा राहून ओरडला, "सांगू दिलंस? दोनदा तोंड उघडलं, दोनदा गप्प केलंस! तुझ्यासमोर माणसाने बोलायचं तरी कधी? चार महिन्यांपूर्वी मशीन ओरडत होतं तेव्हा तुला फोन लावला होता मी. म्हणालीस, मीटिंगमध्ये आहे, तुझं तू बघ. बघितलं माझं मी!"

ठिणगीला तो फोन आठवला. आठवला म्हणूनच तिला आणखी राग आला. आता तो टाकायला जागा उरली नव्हती.

आईने पाटी पुसली. रुमालाने नीट, कोपऱ्यापर्यंत. मग लिहायला बसली. दादा उभा होता, ठिणगी जमिनीवर होती आणि मार्कर कुरकुरत होता. ठिणगीच्या तोंडाशी दहा वाक्यं आली, तिने ती गिळली. किती वेळ लागला कोण जाणे. आईने पाटी फिरवली.

"आवाज माझा होता. बीप बंद करताना मला विचारलं नाही. आजही विचारलं नाही. मला ऐकू येतं, मला दिसतं. मला फक्त बोलता येत नाही, आणि तुम्ही दोघं मला खोलीतलं कपाट समजता."

शेवटी टिंब होतं. तेही दाबून दिलेलं.

ठिणगी रडली नाही. रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला कळलं. दादाने चमचा उचलून, पुसून आईच्या हातात दिला. मग आईने त्याच चमच्याने पलंगावर उपड्या पडलेल्या झाकणाकडे खूण केली. ठिणगीने ते उलटं केलं. आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली होती, दोन वर्षांपूर्वीची, तिच्याच अक्षरात, "वरची: ७३१९". इतका वेळ ती हाताच्या अंतरावर होती.

तिने झाकण आईच्या मांडीवर ठेवलं. मशीनमधून दोन्ही डिस्क बाहेर काढल्या. एक हातात घेऊन उजेडात धरली आणि मोठ्याने वाचलं, "दोन शून्य चार सहा."

टण्. नाही.

दुसरी घेतली. "सात तीन एक नऊ."

आईने बोट पट्टीवर ठेवून एकेक आकडा ताडला. टण् टण्. बरोबर.

ती डिस्क ठिणगीने आपल्या लॅपटॉपला जोडली, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशा बेताने. अशा डिस्कमधून उरलंसुरलं शोधणारा प्रोग्रॅम तिच्याकडे होता. तो लावण्याआधी ती आईकडे वळली. "लावू?" तिने विचारलं. टण् टण्. दुपार तशीच गेली. दादाने चहा केला, तो कोणी प्यायला, कोणी नाही. प्रोग्रॅम कण कण चाळत होता. पाढे गेले. हाका गेल्या. गोष्टी गेल्या. यादीतली वाक्यं गेली. यंत्रासाठी उपयोगी असं काही म्हणता काही उरलं नाही, आणि मंगळवारी पाठवायला आता काही नव्हतं. ठिणगीने ते आईला स्पष्ट सांगितलं. काही लपवलं नाही, समजूत काढली नाही. आईने मान हलवली.

ऊन उतरता उतरता एक तुकडा सापडला. शेवटच्या दिवशीचा, नंतर कधीतरी भरलेला, म्हणून डिस्कवर घरच्या फोटोंच्या पलीकडे पडून वाचलेला. बत्तीस सेकंद.

"ऐकायचं?" ठिणगीने विचारलं.

टण् टण्.

आधी खरखर. मग ठिणगीचाच आवाज, दोन वर्षांनी तरुण आणि तेवढाच चढलेला. "आई, माइकपासून लांब नको ना जाऊस. किती वेळा सांगायचं? आणि ते वाक्य पुन्हा घे. नाही, तसं नाही. थांब, मी सांगते कसं. तू ऐक आधी..."

आणि मग ती. भरदार, ठसठशीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी. आत हसू दाबलेलं.

"अगं बाई, आवाज माझा घेतेयस ना? मग आधी मला बोलू दे की."

पुन्हा खरखर, आणि संपलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. ठिणगी हात मांडीवर ठेवून आईकडे बघत होती.

आईने चमचा उचलला आणि पलंगाच्या कडेवर दोनदा वाजवला.