पियानोवरची कुंडी

जटा म्हणजे माणसाने काळाशी केलेला करार असतो आणि तो मोडायचा तर काळाचीच परवानगी घ्यावी लागते. हे वाक्य पियानो जुळवणाऱ्याने तरुणपणी तयार केलं होतं आणि पुढे ते त्याने बँकेत, बसथांब्यावर, स्वतःच्या लग्नात आणि एकदा दाताच्या डॉक्टरांकडे आडवं पडून, गालात कापूस असताना, म्हणून दाखवलं होतं. प्रत्यक्षात करारबिरार काही झाला नव्हता. कॉलेजात असताना तो सायकलवरून पडला, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, डाव्या हाताने भांग पडेना. आणि प्लास्टर निघालं तोवर डोक्यात कंगवा शिरेनासा झाला होता. तत्त्वज्ञान त्यानंतर आलं.

दाताच्या डॉक्टरांकडे त्या दिवशी दिवा धरून जी मदतनीस उभी होती, ती पुढे त्याची बायको झाली. म्हणजे तिने आधी त्याच्या अक्कलदाढा पाहिल्या आणि मग चेहरा. कान पाहायचे मात्र राहूनच गेले, कारण ते जटांच्या आड होते. "लग्नाला एवढी वर्षं झाली," ती अधूनमधून म्हणायची, "आणि नवऱ्याला कान आहेत हे मी केवळ विश्वासावर धरून चालले आहे." त्याच्या सासूबाईंनी तर लग्न ठरतानाच सांगितलं होतं, की मुलगा चांगला वाटतो, आत कुठेतरी.

लोकांना वाटतं, जटा ठेवणं म्हणजे काहीच न करणं. पियानो जुळवणारा या गैरसमजावर हसायचा, पण मान सांभाळून. धुवायचा दिवस म्हणजे सुट्टी काढायचा दिवस. एकेक जट पिळायची, टॉवेलात दाबायची आणि मग खिडकीत पाठमोरं बसून राहायचं. वरून कोरडी वाटणारी जट आतून ओली राहिली, तर घरात भिजल्या पोत्याचा वास फिरू लागे आणि बायको फ्रिज रिकामा करायला घेई. शिवाय अधूनमधून सुईताईकडे फेरी. सुईताईचं स्वतःचं छोटं सलून होतं. ती क्रोशाच्या बारीक सुईने सुटलेले केस जटेत परत ओढून घ्यायची, मुळाशी नव्या केसांना पीळ द्यायची आणि हे करताना जगातल्या यच्चयावत गिऱ्हाइकांची उणीदुणी सांगायची. अलीकडे कपाळावरच्या जटा धरून ती नुसतीच "हं" म्हणत असे. तो "हं" त्याला आवडत नव्हता.

पण घोडं अडलं ते दुसरीकडेच. एके सकाळी संगीतशाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला.

"अहो, परवा तुम्ही पियानो जुळवून गेलात ना? वरचं सप्तक रडतंय."

"नव्या तारा आहेत बाई. बसायला वेळ लागतो."

"तारा जुन्याच आहेत."

"मग तर आणखी वेळ लागतो."

"हे बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, "वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. एकदा परत या. नाहीतर तो मोबाइलवाला आहेच."

मोबाइलवाला म्हणजे एक तरुण. तो पियानोवर मोबाइल ठेवायचा आणि सूर बरोबर लागल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत तारा ताणायची चावी फिरवायचा. पियानो जुळवणारा त्याचा उल्लेख फारसा करत नसे. केला तर "तो इलेक्ट्रिशियन" असा करत असे. आपण कानाने जुळवतो, याचा त्याला अभिमान होता. कान गेले तर हातात उरणार होती फक्त चावी.

त्याने फोन ठेवला, घरच्या पियानोचं झाकण उघडलं आणि अगदी उजवीकडच्या पट्ट्या वाजवून पाहिल्या. आवाज यायला हवा होता काचेवर चमचा लागल्यासारखा. येत होता उशीवर चमचा पडल्यासारखा.

इथे त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पियानोच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्यांतली एक जुळवताना शेजारच्या दोघींनी मध्ये बोलू नये, म्हणून त्यांच्यात फेल्टची पट्टी अडकवतात. फेल्ट म्हणजे लोकर भिजवून, चोळून, दाबून केलेलं जाड कापड. पियानो जुळवणाऱ्याने ती लाल पट्टी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या जटेकडे पाहिलं.

"सापडलं!" तो ओरडला.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय हरवलं होतं?"

"अगं, जट म्हणजे काय? फेल्टच की! केस भिजले, चोळले गेले, दाबले गेले. इतकी वर्षं मी कानांवर फेल्ट लावून फिरतोय."

"मग मागे बांध."

त्याने मागे बांधल्या आणि पट्ट्या वाजवल्या. पुन्हा उशी. दुसऱ्या कुणाचा सिद्धान्त इथेच कोसळला असता. पण हा माणूस ज्या घरी जाई, तिथे आधी पियानोवरची कुंडी, फोटो, पितळी हत्ती खाली उतरवायला लावत असे. वर वजन ठेवलं की लाकूड घुमत नाही, हे त्याचं ब्रीद होतं आणि त्यापायी त्याची निम्म्या गावातल्या गृहिणींशी तेढ होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "बांधल्या म्हणून काय झालं? वजन डोक्यावरच आहे. पियानोवर कुंडी ठेवावी तसं."

"आणि आत काय घुमायचं आहे?" बायकोने विचारलं.

त्याने कानाडोळा केला.

निर्णय मात्र सोपा नव्हता. जटा काढायच्या तर ओळख जाणार. लोक त्याला नावाने नव्हे, "ते जटावाले" म्हणून बोलवत. जटा ठेवायच्या तर धंदा जाणार. दोन दिवस तो आरशासमोर उभा राहून एकेक जट बाजूला करून पाहत होता, भाड्याने द्यायचं घर मालकाने फिरून पाहावं तसा. शेवटी बायकोच म्हणाली, "एक सोडवून तर बघ. आत काय आहे ते मलाही बघायचंय."

मग दोघं सुईताईकडे गेली. सुईताईने खुर्ची फिरवली, जटा हातात घेतल्या आणि "हं" म्हणाली.

"आज हं नको, ताई. स्पष्ट सांगा."

"पुढच्या दोन तर जेमतेम तग धरून आहेत," ती म्हणाली. "वजन पेलत नाही मुळांना. मी सांगणारच होते, पण तुम्ही ते काळाच्या कराराचं सुरू केलंत की माझी हिंमत होत नाही."

"कापल्या तर?"

"कापल्या तर मोकळे. सोडवायच्या म्हणाल तर सोडवतेही. पण मग जेवणाचे डबे घेऊन या."

मानेजवळची एक जट तिने सोडवायला घेतली. टोकापासून सुरुवात केली. जट कंडिशनरमध्ये बुडवायची, सुईने एक वेढा मोकळा करायचा, की पुन्हा बुडवायची. बायको आपली खुर्ची ओढत ओढत इतकी जवळ आली, की सुईताईला कोपर हलवायला जागा उरली नाही.

"हे काय गं लाल?"

फेल्टचा तुकडा होता. मागे कधीतरी पट्टी कातरताना उडालेला.

"आणि हे?"

लाकडाचा भुसा. मग पिवळ्या रंगाचा एक ठिपका.

"स्वयंपाकघराच्या भिंतींचा," बायको म्हणाली. "आपण या घरात आलो तेव्हा तूच रंग दिला होतास. छतही पिवळं करायचा बेत माझा होता आणि डोक्यावर टोपी घाल म्हणूनही मीच सांगितलं होतं." ती तो ठिपका बोटाच्या टोकावर घेऊन बराच वेळ पाहत राहिली. सुईताईसुद्धा कुणाची उणीदुणी न काढता काम करत होती.

बाकी आत केसच होते. गळून गेलेले, पण जाऊ न दिलेले. दुपार सरली तेव्हा एका जटेतून एक पातळशी बट निघाली, आणि कुणीतरी रागाने चुरगाळलेल्या कागदासारखी दिसू लागली. पियानो जुळवणाऱ्याने ती बोटांत धरली. काळाने सही केल्याची खूण तिच्यावर कुठेच नव्हती.

"उरलेल्या कापा," तो म्हणाला.

सुईताईने कापल्या. त्याने डोळे मिटले होते. एकेक जट फरशीवर पडताना त्याला आवाज ऐकू येईल असं वाटत होतं, पण येत नव्हता. त्याने ते फेल्टच्या खात्यावर मांडलं. सुईताईने जटा झटकून पिशवीत घातल्या. "जपून ठेवा. वाटलं तर केस वाढल्यावर परत जोडता येतात."

"परत?" तो दुखावला. "हा काय कोटाचा खिसा आहे?"

पण पिशवी त्याने घेतली.

घरी येईपर्यंत त्याने टोपी काढली नाही. आल्या आल्या पियानोशी बसला, टोपी काढून बाजूला ठेवली (पियानोवर नव्हे) आणि अगदी उजवीकडची पट्टी दाबली.

उशी.

त्याने पुन्हा दाबली. शेजारची दाबली. मग हात मांडीवर ठेवले. पिशवी पायाशी होती.

"म्हणजे कानच गेले," तो म्हणाला. "जटाही गेल्या आणि कानही गेले. उद्या मोठ्या बाईंना सांगून टाकतो, बोलवा त्या इलेक्ट्रिशियनला."

त्याने वर पाहिलं. बायको डोळे विस्फारून त्याच्या डोक्याच्या बाजूला बघत होती.

"अय्या, किती छोटे आहेत रे! आणि पाळी चिकटलेली आहे. मला वाटलं होतं, चांगले सुपाएवढे असतील, म्हणून लपवतोस."

"माझा धंदा बुडतोय आणि तू पाळ्या बघतेयस?"

"इतकी वर्षं थांबले आहे. बघू दे." तिने पर्समधून दवाखान्यातली छोटी बॅटरी काढली. "उजेडाकडे मान कर. अशी नाही. आणि तोंड मिट, सवयीने उघडलंयस."

तिने त्याचा कान वर ओढला आणि आत उजेड टाकला. मग दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथेही टाकला. खोलीत शांतता होती. निदान त्याच्यापुरती तरी.

"दिसतंय काही?" त्याने हळूच विचारलं. "पडदा फाटलाय का?"

"पडदा दिसतच नाहीये."

"म्हणजे?"

बायकोने बॅटरी बंद केली आणि पर्समध्ये ठेवली.

"मळ आहे," ती म्हणाली. "दोन्ही कानांत."